छोटं धरण ग्रामपंचायतीच्या गळ्यात मारू नका

नमस्कार. जुन्या पाझर तलावांच्या, म्हणजे पाणी मुरवायला मातीचा भराव घालून बांधलेल्या छोट्या धरणांच्या, सुरक्षिततेवर मी जे लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि रोखठोक प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पाणी गाव वापरतं, भरावावर गुरं गाव चारतं, मुरूमही गावातलेच लोक उचलतात, मग दरवेळी सरकारच्या नावानं बोटं का मोडायची? तलाव ग्रामपंचायतीच्या नावावर करा, काळजी आपोआप घेतली जाईल.

मुरूमचोरीवरचा तुमचा राग रास्तच आहे. मला तर त्याहून भीती वाटते ती सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवर, बांध घालून साठा वाढवणाऱ्यांची. मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की खिंडार पडायला वेळ लागत नाही. पण मालकीचा तुमचा उपाय मला अजिबात पटत नाही.

तिवरे आठवा. चिपळूण तालुक्यातलं ते मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, खालच्या भेंदवाडीतली घरं वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. म्हणजे गावाचं लक्ष होतं. तक्रार आल्याबरोबर पाणी उतरवायचा निर्णय मात्र कुणी घेतला नाही. पुढे तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं. बिळांनी भराव पोखरला जातो हे खरं आहे, पण ती बिळं वेळेत शोधून बुजवणं हे मालकाचंच काम ना?

आता पाझर तलावाचं बघा. कितीतरी तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांतले, पन्नाशी उलटलेले. पाणी जमिनीत मुरवायचं म्हणून बांधलेले, त्यामुळे बहुतेकांना पाणी सोडायचं दारच नसतं. भर पावसात गळती वाढली तर पातळी खाली आणायला सांडवा खोदावा लागतो. तो किती खोदायचा? पोकलेनचे पैसे कोण देणार? खालच्या शेतांत पाणी घुसलं तर भरपाई कोणाच्या माथी? हे सगळं सरपंचानं मध्यरात्री, अभियंत्याशिवाय ठरवायचं? शिवाय पाणी मिळतं एका गावाला आणि धोका असतो ओढ्याकाठच्या भलत्याच वस्तीला. त्या वस्तीनं कोणत्या ग्रामपंचायतीकडे जायचं?

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी मालकावर बंधनकारक केली. पण १० मीटरपेक्षा कमी उंचीची धरणं त्या कायद्यात येतच नाहीत, आणि १० ते १५ मीटरच्या धरणांनाही अटी आहेत. लहान तलाव कायद्याबाहेर ठेवायचे आणि वर ग्रामपंचायतीच्या गळ्यात मारायचे, हा अन्याय आहे.

गावानं करण्यासारखं काम जरूर आहे. भरावाच्या पायथ्याला पाझरणारं पाणी पावसाळाभर पारदर्शक काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरून बघावं. मातीचं धरण थोडं पाझरतंच. पाणी नितळ असेल आणि धार वाढत नसेल तर नोंद करून ठेवावी. गढूळ आलं, तर आतली माती वाहून चालली आहे, त्याच क्षणी फोन करावा. तो फोन उचलून पाणी उतरवायचा हुकूम देणारा अभियंता जिल्हा परिषदेनं किंवा मृद व जलसंधारण विभागानं द्यायला हवा. त्याचं नाव आणि नंबर भरावाजवळ रंगवलेला हवा, आणि खालच्या वस्तीतही.

तुमच्या गावचा तलाव नेमका कोणाच्या दप्तरी आहे, हे माहितीच्या अधिकारात विचाराल का? शेवटची तपासणी कधी झाली, तेही विचारा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मी देतो.