राष्ट्राध्यक्ष व्हायचंय? मग उभेच राहू नका

अमेरिकेचं राष्ट्राध्यक्षपद मिळवायचं असेल, तर आधी निवडणुकीचा नाद सोडा. आयोवाच्या थंडीत शेतकऱ्यांशी हस्तांदोलन करत फिरायचं, देणगीदारांच्या घरी जेवायचं, परक्यांची शेंबडी पोरं कडेवर घेऊन फोटो काढायचे, हे सगळं ज्यांना दुसरं काही जमत नाही त्यांनी करावं. तुम्ही जेराल्ड फोर्ड यांचा कित्ता गिरवा. उपराष्ट्राध्यक्ष किंवा राष्ट्राध्यक्ष म्हणून एकदाही निवडून न येता व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेलेला हा आजवरचा एकमेव गृहस्थ.

जन्मापासूनचं नाव तेच असलं पाहिजे असंही नाही. हे जन्मले तेव्हा लेस्ली किंग होते. पुढे सावत्र वडिलांचं नाव लागलं.

स्वप्न मात्र बेताचं बघा. फोर्ड यांना फक्त प्रतिनिधीगृहाचं सभापती व्हायचं होतं. १९४९ पासून ते मिशिगनच्या ग्रँड रॅपिड्सचे प्रतिनिधी, शेवटची काही वर्षं अल्पमतातल्या रिपब्लिकनांचे नेते. १९७२ मध्ये त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली, तरी या सभागृहात बहुमत काही येईना. मग त्यांनी पत्नीला, बेटी फोर्ड यांना, शब्द दिला : आता एकदाच उभा राहतो, जानेवारी १९७७ मध्ये राजकारण बंद. पत्नीला असा शब्द जरूर द्यावा. नियती कान देऊन ऐकत असते.

यानंतर तुम्ही काहीच करायचं नाही. करणारे दुसरे असतात. उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांच्याकडे मेरीलँडमधले कंत्राटदार रोख रकमेची पाकिटं पोचवत, ती थेट उपराष्ट्राध्यक्षांच्या कचेरीतही गेली, असं सरकारी वकिलांनी मांडलं. (पाकिटाला भाषांतर लागत नाही, बघा.) अखेर अॅग्न्यू यांनी करचुकवेगिरीच्या आरोपाला विरोध न करता १० ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामा दिला. पूर्वी ही खुर्ची पुढच्या निवडणुकीपर्यंत रिकामी राहायची. पण १९६७ मध्ये पंचविसावी घटनादुरुस्ती झाली होती : राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, दोन्ही सभागृहांनी मान डोलवायची.

निक्सन यांच्या मनात त्यांचे माजी अर्थमंत्री जॉन कॉनली होते, पण ते नाव पार पडणं कठीण. सगळ्यांना चालेल असा माणूस हवा होता. इथे तुमची खरी पात्रता कामी येते : तुमच्याकडे बघून कुणालाही धास्ती वाटता कामा नये. फोर्ड यांना चालताना च्युइंगगम चघळणंही जमत नाही, असा शेरा खुद्द माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नावावर आहे. यापेक्षा चांगलं शिफारसपत्र कोणतं? सिनेटमध्ये ९२ विरुद्ध ३, प्रतिनिधीगृहात ३८७ विरुद्ध ३५. म्हणजे एकूण ४७९ मतं. एवढ्यात बऱ्याच गावांत सरपंचही होता येत नाही.

उरलेलं काम वॉटरगेटच्या, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतली घुसखोरी दडपण्याच्या प्रकरणातल्या, ध्वनिफितींनी केलं. ९ ऑगस्ट १९७४ रोजी निक्सन राजीनामा देऊन गेले आणि नागोबा आयत्या बिळात शिरले. बीळसुद्धा लगेच मिळालं नाही. निक्सन मंडळींचं सामान हलेपर्यंत नवे राष्ट्राध्यक्ष दहाएक दिवस वॉशिंग्टनजवळच्या अलेक्झांड्रियातल्या आपल्या घरूनच कामावर जात होते. स्वतःचा मफिन स्वतः टोस्टरमध्ये भाजतात, याचं देशाला कोण कौतुक! तेव्हा राजवाड्यात जाण्याआधी टोस्टर वापरायला शिकून घ्या.

इथवर सगळं फुकटात झालं. आता जपा. खुर्चीत बसल्यावर स्वतःच्या मनाने काही करायला जाऊ नका. फोर्ड यांनी महिन्याभरातच, ८ सप्टेंबरला, रविवारी सकाळी निक्सन यांना संपूर्ण माफी देऊन टाकली. त्यांच्याच प्रसिद्धी सचिवाने निषेध म्हणून राजीनामा दिला आणि मफिनचं कौतुक तिथेच करपलं. दुसरं, पावसात विमानाचा जिना उतरू नका. मिशिगन विद्यापीठाच्या संघातून अमेरिकन फुटबॉल गाजवलेला हा गडी १९७५ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला पायऱ्यांवरून घसरला, आणि व्यावसायिक संघांनी एकेकाळी आपल्याला बोलावलं होतं हे सांगायची सोय उरली नाही. विनोदी कार्यक्रमांना मात्र आयता धडपड्या राष्ट्राध्यक्ष मिळाला.

तिसरी चूक सर्वांत मोठी. १९७६ मध्ये त्यांनी साऱ्या देशाला विचारलं, की मी राहू का? विचारायचंच नसतं. देशाने जिमी कार्टर यांचं नाव सांगितलं.

२० जानेवारी १९७७ रोजी फोर्ड यांनी व्हाइट हाऊस सोडलं. बेटीबाईंना दिलेल्या शब्दाला महिन्याचाही फरक पडला नाही.