दोन वर्षं हाताखाली काढली की सिस्टर?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज उगवतोच. यंदाही आला. मजकूर साधारण असा: 'नर्सिंग, लॅबच्या कोर्सवर लाखभर रुपये घालवू नका. मुलीला ओळखीच्या डॉक्टरांच्या हाताखाली दोन वर्षं ठेवा, आपोआप सिस्टर होते. डॉक्टर अनुभवाचं सर्टिफिकेट देतात, ते सगळीकडे चालतं. सायन्स नसेल तर या लाइनीत तसंही दुसरं काही नाही, आणि पोरांनी तर यात पडूच नये. कोर्स करायचाच तर सहा महिन्यांचा करा, काम तेच.' खाली जोडलेले हात आणि 'गरजूंपर्यंत पोहोचवा'.

मी कोल्हापुरात गेली एकोणीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करण्याआधी दीड वर्ष मीही असाच एका दवाखान्यात हाताखाली होतो. त्यामुळे मेसेज लिहिणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. शीर सापडायला पुस्तक लागत नाही, हात बसावा लागतो, हे त्याचं खरंच आहे.

पण 'आपोआप सिस्टर होते' याचं काय?

मागे एका छोट्या दवाखान्यातून आमच्याकडे सॅम्पल आलं. मशीनने पोटॅशियम दाखवलं ११ च्या वर, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. ११ असलेला माणूस उठून बसलेला असणं अवघड. फोन केला, तर पेशंट कॉटवर बसून चहा पीत होते. सॅम्पल घेणाऱ्या पोरीला फोनवर बोलावलं. ती म्हणाली, "पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं सर, म्हणून जांभळ्यातलं थोडं ओतलं. रक्त एकाच माणसाचं हाय की."

रक्त एकाच माणसाचं, पण जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये तळाला ईडीटीए असतं. रक्त गोठू नये म्हणून ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, आणि ते असतं पोटॅशियमचं क्षार. ओतलेल्या दोन थेंबांबरोबर तेही पिवळ्या ट्यूबमध्ये गेलं. मी फोन न करता रिपोर्ट सोडला असता तर डॉक्टरांनी नसलेल्या पोटॅशियमवर इंजेक्शनं चालू केली असती. म्हणूनच ट्यूब भरायचाही क्रम असतो: निळी आधी, मग पिवळी, त्यानंतर जांभळी, करडी शेवटी. कोर्समध्ये हे सुरुवातीलाच शिकवतात. ती पोरगी ढ नव्हती, लहान मुलांची शीर तिला माझ्याआधी सापडेल. तिला दोन वर्षांत कुणी 'का' ते सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? ओपीडीत चाळीस पेशंट बसलेले असताना डॉक्टर झाकणांचे रंग समजावत बसत नाहीत.

माझंच सांगतो. त्या दीड वर्षात मला दोनदा वापरलेली सुई टोचली. पाण्याखाली बोट धरलं आणि पुन्हा कामाला लागलो. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात, हे मला कोर्सला गेल्यावर कळलं.

आता सर्टिफिकेट. डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं पत्र म्हणजे ही व्यक्ती आमच्याकडे होती याचा दाखला, एवढंच. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेच्या जागेला एएनएम हा नर्सिंगचा कोर्स आणि महाराष्ट्र परिचर्या (म्हणजे नर्सिंग) परिषदेची नोंदणी लागते. ती परिषद हाताखालची वर्षं मोजत नाही. चंदगडच्या उपकेंद्रात जागा निघाली, तर दहा वर्षं सलाइन लावलेली बाई अर्जसुद्धा करू शकत नाही, आणि काल एएनएम झालेली पोरगी करते. यात अन्याय आहे असं मलाही कधीकधी वाटतं. पण नियम हा आहे, आणि दोन वर्षं घालवल्यावर तो कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

सायन्सचं म्हणाल तर ते अर्धंच खरं. बीएस्सी नर्सिंगला बायोलॉजी लागतं, डीएमएलटीला सायन्स लागतं. एएनएम दोन वर्षांचं आणि जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंगचा डिप्लोमा, तीन वर्षांचं, या दोन्हींना आर्ट्सची मुलगी चालते. जीएनएमला बारावीत इंग्रजी आणि ४० टक्के हवेत.

आणि पोरं? एएनएम फक्त मुलींसाठी आहे, बाकी दारं उघडी आहेत. सीपीआरमध्ये, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, एकदा चक्कर मारा. छातीवर टीएलडी बॅज (अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा) लावून एक्स-रे काढणारे, ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देण्याची ट्रॉली लावणारे, डायलिसिसच्या मशीनपाशी चार-चार तास आकड्यांवर नजर ठेवून असणारे बघा, त्यांतले किती पुरुष आहेत ते.

राहिला सहा महिन्यांचा कोर्स. त्याला मी नावं ठेवणार नाही. जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स दहावीनंतर करता येतो, कौशल्य विकास योजनेत तो फुकटही चालतो, आणि अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून देणारा माणूस नसेल तर पाठीला जखमा होतात. काम मोलाचं आहे. फक्त ते नर्सचं किंवा टेक्निशियनचं 'तेच काम' नव्हे. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकाला, म्हणजे टेक्निशियन वगैरेंना, किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पुरं होणारं शिक्षण सांगितलंय. रोज आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तरी सहा महिन्यांत १,२०० तासच भरतात.

पैशाचा मुद्दा मात्र मेसेजवाल्याचा खरा आहे, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. ज्या घरात या महिन्याचा पगार लागतो, तिथे तीन वर्षं लांब वाटतात. सरकारी नर्सिंग स्कूलची फी खासगीपेक्षा बरीच कमी असते, तिथला अर्ज आधी भरा. शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. आपला कोर्स तिच्या यादीत आहे का, हे फी भरण्याआधी बघा.

गेल्या महिन्यात पुतणीला घेऊन एका क्लासला गेलो होतो. दुसरा मजला, 'पॅरामेडिकल'ची भली मोठी पाटी, आत एक कॉट आणि प्लॅस्टिकचा सांगाडा. पुतणीनेच विचारलं, "मॅडम, पास झाल्यावर नोंदणी परिचर्या परिषदेत होते की टेक्निशियनच्या परावैद्यक परिषदेत? आणि प्रॅक्टिकल कुठल्या दवाखान्यात?" मॅडमनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. सर्टिफिकेटवर तीन शिक्के होते, परिषदेचा एकही नव्हता. मग त्यांनी सांगितलं की आज ॲडमिशन घेतलं तर ड्रेसचे पैसे माफ.