विचारायला माणूसच नाही

खरेदी म्हणजे आपल्यासाठी आधी गप्पा. "आजचंच आहे ना?", "तिखट नाही ना फार?", "सुटे नाहीत हो, उद्या दिले तर चालतील?" जपानमधल्या व्हेंडिंग मशीनपुढे मराठी माणूस केविलवाणा होतो तो इथेच. यंत्र आपलं काम चोख करतं, पण शंका विचारायला समोर माणूसच नाही.

पहिली अडचण पैशांची. १ आणि ५ येनची नाणी यंत्र घेत नाही, आणि खिसा नेमका त्यांनीच जड झालेला असतो. १०, ५०, १०० आणि ५०० ची चालतात. नोट बहुतेक ठिकाणी फक्त १००० ची. त्यातही २०२१ मध्ये ५०० चं दुरंगी नाणं आलं, जुलै २०२४ मध्ये नव्या नोटा आल्या, आणि ज्या यंत्रांचा तपासणीचा भाग बदललेला नाही ती या पाहुण्यांना ओळखच देत नाहीत. नोट आत जाते, विचार करते, परत येते. मग आपण ती मांडीवर घासून सरळ करतो. कोरी करकरीत नोट घासून काय होणार? जुनी नोट किंवा सुटी नाणी काढा, नाहीतर शेजारचं यंत्र गाठा.

दुसरी अडचण रंगांची. बाटलीखालची पट्टी निळी असेल तर पेय गार, लाल असेल तर गरम. गार म्हणजे साधारण ५ अंश, गरम म्हणजे ५५ च्या आसपास, आणि दोन्ही एकाच कपाटात. नव्या यंत्रांत गार बाजूतून काढलेली उष्णता गरम बाजूला वापरतात. विजेच्या बिलावर पोसलेला माझा जीव या एका गोष्टीवर फिदा आहे. मात्र वीज वाचवायला सगळा साठा गार किंवा गरम करत नाहीत, तळाशी असलेले पुढचे काही डबेच करतात. तुमच्या आधी अख्खी सहल पाणी पिऊन गेली असेल, तर तुमच्या नशिबी कोमट.

थंडीत लाल पट्टीवर मक्याच्या सुपाचा डबा हमखास दिसतो. उघडण्याआधी नीट हलवायचा. उघडल्यावर हलवला तर सूप कोटावर. सूप संपतं आणि दाणे तळाशी बसून राहतात. त्यावरचा जपानी उपाय म्हणजे डब्याच्या तोंडाच्या जरा खाली अंगठ्याने खळगा पाडायचा, मग दाणे कडेला न अडकता प्रवाहाबरोबर येतात. तरीही चार-पाच उरतातच. त्यासाठी मान मागे टाकून डब्याचं बूड थोपटणारे सूटबूटवाले पाहिले की माणूसजात एक आहे याची खात्री पटते.

शाकाहारी मंडळींनी जपून. चित्रावर भाज्या दिसल्या तरी आतला रस्सा बहुधा माशाचा. हिरोशिमाकडच्या एका सोया सॉसवाल्यांची यंत्रं तर स्वयंपाकाचा अर्क बाटलीतून विकतात, आणि बाटलीत भाजलेला अख्खा मासा उभा असतो. तो तहानेसाठी नाही, पाणी घालून रश्शात वापरायचा आहे. चहा समजून तोंडाला लावू नका. त्यापेक्षा ओशिरुको घ्यावं. लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं हे गोड, गरम पेय म्हणजे पुरणात पाणी जास्त झाल्यासारखं, पण पोटाला आधार देणारं.

खरा चमत्कार बघायचा तर टोकियोजवळच्या सागामिहारात जावं. तिथे जुन्या टायरच्या दुकानाने, टायर बदलेपर्यंत गिऱ्हाइकाने करायचं काय म्हणून, आवारात जुनी यंत्रं लावायला सुरुवात केली. त्यात १९७० च्या दशकातलं उदोनचं, म्हणजे रश्शातल्या जाड शेवयांचं, यंत्र आहे. आत उकडलेल्या शेवयांचे वाडगे तयार ठेवलेले असतात. नाणी टाकली की वाडग्यात कढत पाणी पडतं, वाडगा गरगर फिरून ते पाणी झटकून टाकतो, मग वर गरम रस्सा. सगळं मिळून २५ सेकंदांच्या आसपास, आणि तोवर यंत्रावर उलटे आकडे मोजले जात असतात. तळलेला तुकडा बहुधा शेवयांच्या खाली दडलेला सापडतो, कारण वर ठेवला तर त्या गिरकीत तो उडून जाईल. तेव्हा "टॉपिंग दिलंच नाही" म्हणून भांडण्याआधी तळ ढवळा. भांडणार तरी कोणाशी म्हणा.

यंत्राशेजारची गोल भोकांची पेटी फक्त रिकाम्या बाटल्या-डब्यांसाठी असते. बिस्किटाचं वेष्टन घरी न्यायचं.

काही यंत्रांवर लॉटरीही असते. पैसे टाकून बटण दाबलं की चार आकडे फिरतात, चारही सारखे आले तर आणखी एक पेय फुकट. पण ते साधारण अर्ध्या मिनिटात निवडावं लागतं. बाबांना चहा, आईला बिनसाखरेचं काहीतरी, मुलांना दोन वेगळे सोडे. चौघांचं एकमत होईपर्यंत यंत्राचे दिवे विझलेले असतात.