सात ग्रॅम कोथिंबीर

२०२५ च्या जुलैमधील पहिल्या बुधवारी दुपारी न्यू जर्सीत, एडिसनमधील आमच्या घराच्या पायरीवर एक भलेमोठे खोके येऊन पडले. ते आत ओढून घेताना माझी झालेली दमछाक सासूबाई सोफ्यावरून पाहत होत्या. "रुखवत आलंय का गं कुणाकडून?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "नाही आई, स्वयंपाक आलाय." तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला, उठून खोक्याला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "पण हा तर गार आहे."

सासूबाईंचा थोडा परिचय करून देणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले त्याचे अर्धे श्रेय त्यांच्याकडे जाते. साताऱ्यातील एका शाळेत त्यांनी ३२ वर्षे गणित शिकवले. निवृत्त होऊन पंधरा वर्षे लोटली तरी लाल शाईच्या पेनाने त्यांच्या पर्समधील कप्पा सोडलेला नाही, आणि हॉटेलचे बिल, औषधाच्या बाटलीवरील सूचना किंवा लग्नपत्रिका यांपैकी कोणतीही गोष्ट त्या तपासल्याशिवाय बाजूला ठेवत नाहीत. मे महिन्यात सहा महिन्यांसाठी त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा स्वयंपाक आपण करू असे त्यांनी जाहीर केले होते. परंतु दुखरे गुडघे आणि ज्योत न दिसणारी विजेची शेगडी या दोहोंनी मिळून त्यांचा तो बेत मोडून काढला. त्यामुळे संध्याकाळी साडेसहाला "आज काय करायचं?" हा प्रश्न पूर्वीप्रमाणेच माझ्या लॅपटॉपच्या मागे येऊन उभा राहू लागला. अशा वेळी माझ्या नवऱ्याला ऑफिसातील एका सहकाऱ्याने एक कूपन दिले. पहिले खोके निम्म्या दरात मिळणार होते. माझ्या नवऱ्याच्या आयुष्यातील बहुतेक मोठे निर्णय अशाच प्रकारे झालेले आहेत.

योजना ऐकायला सुंदर होती. अॅपवर पाककृती निवडायच्या आणि आपण किती माणसे आहोत ते सांगायचे. मग कंपनी नेमके तेवढेच जिन्नस मोजूनमापून, सोबत कृतीचे रंगीत कार्ड घालून दारात आणून ठेवते. शिजवायचे मात्र आपण. ही कल्पना मुळात स्वीडनची. तिथे २००७ साली स्टॉकहोममध्ये निघालेल्या पहिल्या अशा सेवेचे नावच 'मिद्दाग्सफ्रिद', म्हणजे रात्रीच्या जेवणाची शांती, असे होते. त्यानंतर २०११ मध्ये बर्लिनला आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या कंपन्यांनी हे लोण जगभर नेले. आपल्याकडे वास्तुशांत असते, उदकशांत असते. तेव्हा भोजनशांतही असायला हरकत नाही, असे मला वाटले. शांत म्हटली की आधी सामानाची यादी, मग मांडामांड, मग धूर आणि शेवटी उशिरा जेवण हा क्रम ठरलेला असतो, याचा मला तेव्हा विसर पडला.

खोके उघडल्यावर आमच्या चौदा वर्षांच्या मुलीने आनंदाने चीत्कार केला, कारण आतील ऐवज हुबेहूब भातुकलीचा होता. एका चिमुकल्या पाकिटात एक चमचा व्हिनेगर होते, दुसऱ्यात चमचाभर लोणी होते आणि तिसऱ्यात रश्शाचा अर्क होता. कागदी पिशवीत लसणाच्या मोजून चार पाकळ्या होत्या. एक कांदा होता, अर्धेही नव्हे आणि दीडही नव्हे असे एक लिंबू होते, आणि प्लास्टिकच्या स्वतंत्र पिशवीत, जणू काही पुरावा म्हणून जमा केल्याप्रमाणे, पाव औंस कोथिंबीर होती.

"पाव औंस म्हणजे सात ग्रॅम," सासूबाईंनी क्षणात रूपांतर केले. "आमचा भाजीवाला वर फुकट घालतो, ती याच्या दसपट असते."

मी त्यांना सांगितले की इथे वाया जाण्याचे प्रमाण फार असते, म्हणून हे लोक नेमके मोजून पाठवतात. त्यांना ते पटल्यासारखे दिसले. मात्र त्यानंतर त्यांनी किंमत विचारली. सूट संपल्यानंतरचा दर चार माणसांच्या तीन जेवणांना, पाठवणीच्या खर्चासह, सुमारे १३१ डॉलर होता. मी आकडा गुळमुळीत सांगितला, तरी ८५ ने गुणायला त्यांना कागद लागला नाही. "अकरा हजार एकशे पस्तीस," त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून, "यात मीठ धरलंय का?" धरलेले नव्हते. मीठ, मिरपूड आणि तेल 'आपल्या घरी असेलच' असे कार्डावर लिहिले होते.

पहिल्या रात्रीचा पदार्थ मशरूम रिझोटो हा होता. कार्डावरील छायाचित्रात तो शुभ्र बशीत निवांत पहुडला होता आणि कोपऱ्यात घड्याळाच्या चित्राशेजारी '३५ मिनिटे' असे छापले होते. सासूबाईंनी मनगटावरचे घड्याळ काढून ओट्यावर ठेवले, कार्ड हातात घेतले आणि एकेक पायरी वाचून दाखवायला सुरुवात केली. सत्यनारायणाच्या पूजेला गुरुजी "आता हे इथे ठेवा, आता पाणी सोडा" असे सांगतात आणि यजमान घाम पुसत ते करत राहतो, तशी आमची जोडी जमली.

रिझोटोच्या तांदळात पिष्ट भरपूर असते. गरम रसा पळीपळीने घालत तो सतत ढवळत राहिले की ते पिष्ट सुटून भाताला साईसारखा दाटपणा येतो. 'सतत' हा शब्द लिहिणाऱ्याने सहजपणे लिहिला असावा. ढवळणाऱ्या खांद्याला तो तसा वाटत नाही. विसाव्या मिनिटाला मी हात बदलला. पंचविसाव्या मिनिटाला ऑफिसच्या एका मीटिंगचा स्मरणगजर वाजला आणि मी कॅमेरा बंद करून, एका हाताने पळी फिरवत, पुढील तिमाहीच्या नियोजनावर दोन वाक्ये बोलले. सासूबाई पातेल्यात डोकावल्या.

"अगं, हा तर गुरगुट्या भात."

"हो आई, पण इटालियन."

"कुकरला चार शिट्ट्या काढल्या असत्यास, तर तुला बसून मीटिंग करता आली असती."

पुढील अडचण चीजची निघाली. सासूबाई काटेकोर शाकाहारी आहेत, आणि पारंपरिक इटालियन पार्मेझान करताना दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातील विकर वापरतात, हे त्यांना नातीने शाळेतील प्रकल्पाच्या निमित्ताने याआधीच सांगून ठेवले होते. आमच्या पाकिटावर केवळ 'एन्झाइम्स' एवढाच मोघम उल्लेख होता. ती कुणाची, याचा खुलासा नव्हता. म्हणून त्यांचा वाटा चीजपूर्वी बाजूला काढला गेला आणि त्यांनी त्यावर तूप आणि साताऱ्याहून आणलेले मेतकूट घेतले. दोन घासांनंतर मुलीने आपली बशी दूर सारली आणि ती आजीच्या बशीतून खाऊ लागली. माझ्या नवऱ्यानेही मेतकुटाची बाटली मागितली, तेव्हा मी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन इथे करत नाही.

जेवणानंतर सासूबाईंनी कार्ड तपासायला घेतले. मशरूम परतणे ६ ते ८ मिनिटे, तांदूळ परतणे १ ते २, रसा मुरवणे २५ ते ३० आणि शेवटची मिसळण २ ते ३, अशी बेरीज त्यांनी समासात मांडली. "यांनी सगळीकडे कमीत कमी किंमत धरून चौतीस काढले आणि पस्तीस छापले," त्या म्हणाल्या. "जास्तीत जास्त धरले तर त्रेचाळीस होतात. आणि धुणं, चिरणं, पाणी तापवणं हे तर उत्तरात धरलेलंच नाही." प्रत्यक्षात एक तास अठरा मिनिटे लागली होती. त्यांनी लाल पेनाने 'पायऱ्या गाळल्या आहेत' असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे.

खोक्याच्या तळाशी बर्फाच्या दोन जाडजूड पिशव्या होत्या. आतील जेल वितळल्यावर पिशवी कापून ते कचऱ्यात टाकावे, सिंकमध्ये ओतू नये, अशी सूचना होती. धडधाकट वस्तू कापून टाकण्याची कल्पनाच सासूबाईंना सहन झाली नाही. त्यांनी एक पिशवी गुडघ्याला बांधली आणि दुसरी फ्रीजरमध्ये ठेवली. मुंबईच्या डबेवाल्यांच्या व्यवहारात डबा संध्याकाळी रिकामा होऊन परत जातो, त्यामुळे घरात काही साचत नाही. आमच्याकडे मात्र जेवण संपले तरी खोके, अस्तर, बर्फ आणि पंचवीसएक पिशव्या मुक्कामाला राहत होत्या. सात ग्रॅम कोथिंबिरीची नासाडी टाळण्यासाठी एवढा संसार करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते.

खरा पेच पुढेच होता. त्या शुक्रवारी, ४ जुलैला, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता आणि आषाढ शुद्ध नवमी, म्हणजेच कांदेनवमी, त्याच दिवशी आली होती. येत्या एकादशीपासून चातुर्मास सुरू व्हायचा होता, आणि सासूबाई चार महिने कांदा, लसूण आणि वांगे खात नाहीत. म्हणून त्या दिवशी गुडघ्याला बर्फ बांधून, खुर्चीत बसून त्यांनी स्वतः भजी तळली. ओक ट्री रोडवरून आणलेली दहा पौंडांची कांद्याची पिशवी भजी, थालीपीठ आणि झुणका यांत बरीचशी संपली. बाहेर शेजारी फटाके उडवत होते आणि आत आम्ही कांदा संपवत होतो. दोन्हीकडचा धूर साधारण सारखाच होता. या धांदलीत आम्ही एक गोष्ट विसरलो. पुढील बुधवारच्या पाककृती निवडण्याची मुदत पाच दिवस आधी, म्हणजे नेमक्या त्या शुक्रवारच्या मध्यरात्री, संपत होती. ग्राहकाने निवड केली नाही, तर कंपनी त्याच्या वतीने प्रेमाने निवड करते.

९ जुलैला खोके आले. चातुर्मासातील वर्ज्य पदार्थांची यादी पुढ्यात ठेवूनच कंपनीने निवड केली असावी, असे कुणालाही वाटले असते. पहिला पदार्थ भाजलेल्या वांग्याचा होता, दुसरा परतलेल्या कांद्याचा पास्ता होता आणि तिसऱ्या पदार्थाच्या नावाची सुरुवातच लसणाने होत होती. माझ्या नवऱ्याने कंपनीच्या मदतकेंद्राला लिहून कांदा-लसूण वगळता येईल का, असे विचारले. अॅलर्जी आहे का, असा उलट प्रश्न आला. त्याने 'नाही, चातुर्मास आहे' असे लिहिले. तीन मिनिटे पलीकडे कुणीतरी टंकलेखन करत असल्याची खूण दिसत राहिली आणि अखेर, "आपल्याला लवकर बरे वाटो," असे उत्तर आले.

मग तो आठवडा मी दोन स्वयंपाक केले. कंपनीचा आमच्या तिघांसाठी आणि माझा सासूबाईंसाठी. ज्या सेवेने माझा एक स्वयंपाक वाचायचा होता तिने एक वाढवला, हे गणित मी सासूबाईंसमोर मांडले नाही. त्यांनी ते आधीच मांडलेले असणार याची मला खात्री होती. तिसऱ्या रात्री सोललेल्या लसणाच्या दोन पाकळ्यांपैकी एक हातातून सुटली आणि शेगडीच्या फटीत गेली. एरवी मी दुसरी घेतली असती. परंतु मोजून मिळालेल्या वस्तूला मनुष्य इतका लवकर मिंधा होतो की घरात लसणाचे दोन गड्डे असताना मी चिमटा घेऊन, गुडघे टेकून, दहा मिनिटे ती एकच पाकळी शोधत राहिले. सासूबाई दारात उभ्या होत्या. "हातचा एक विसरलीस," त्या शांतपणे म्हणाल्या.

त्याच रात्री सेवा बंद करायचे ठरले. बंद करण्याचे बटण सापडायला रिझोटोएवढाच वेळ लागला. आधी आम्हाला तीस टक्के सूट मिळाली, मग फुकट गोड पदार्थ देऊ केला गेला, मग 'आम्हाला तुमची आठवण येईल' असे म्हणणारे रडवेले गाजर दिसले आणि अखेर कारणांची यादी आली. महाग आहे, वेळ नाही, चव आवडली नाही. "खरं कारण लिही," सासूबाईंनी बजावले. 'इतर' या रकान्यात मी त्या सांगतील तसे इंग्रजीत लिहिले: चार महिन्यांचे व्रत आहे, नोव्हेंबरात एकादशी झाल्यावर पाहू. हे वाचून यंत्राने सेवा बंद करण्याऐवजी 'तात्पुरती थांबवा' हा पर्याय पुढे केला आणि तारीख विचारली. रात्रीचे अकरा वाजले होते. सासूबाईंनी कालनिर्णय आणायला लावले, तारीख पाहून सांगितली, आणि मी ती भरली.

भाऊबीज आटोपून सासूबाई साताऱ्याला परतल्या. फ्रीजरमधील बर्फाच्या चार पिशव्यांपैकी दोन त्यांनी पार्कात जमणाऱ्या मैत्रिणींना गुडघ्यांसाठी आठवण म्हणून दिल्या. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कार्तिकी एकादशीनंतरच्या बुधवारी, पायरीवर एक भलेमोठे खोके येऊन पडले. आमच्या घरात चातुर्मासाचा नेम शेवटपर्यंत कुणी मोडला नसेल तर तो सासूबाईंनी आणि त्या कंपनीने. आत एक कांदा, लसणाच्या चार पाकळ्या आणि रिझोटोचा तांदूळ होता.

मी कुकर काढला. चार शिट्ट्या झाल्यावर साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि वाफाळते भांडे कॅमेऱ्यासमोर धरले. सासूबाईंनी आधी मागे भिंतीवर लावलेल्या घड्याळाकडे पाहिले.

"किती मिनिटं?"

"बावीस," मी म्हणाले.

"चिरण्यासकट?"