चौथ्या वर्षाचा प्रबंध कोण वाचणार?

आमच्या टी.वाय.च्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) बॅचच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एका मित्राने पदवीच्या नव्या चौथ्या वर्षाबद्दल लिहिलं, "चौथं वर्ष म्हणजे पोरांचं एक वर्ष पाण्यात. परदेशात जाणाऱ्यांची सोय, बाकीच्यांच्या घरी खर्च." खाली अंगठ्यांची रांग लागली. मी ग्लासगोत ट्रेनमध्ये होते. उत्तर लिहिता लिहिता माझं स्टेशन मागे गेलं, इतका राग आला होता. "आमच्याकडे पदवी चार वर्षांचीच असते आणि कुणाचं काही वाया जात नाही," असं मी ठणकावून लिहिलं. त्यावर त्याने एकच ओळ पाठवली: "आमच्याकडे म्हणजे कुठे गं?"

तो प्रश्न बाजूला ठेवून आधी चौथ्या वर्षाचं बोलते, कारण त्याबद्दल मला खरंच काही सांगायचं आहे.

महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवीन रचना २०२४-२५ पासून लागू झाली. किमान १२० क्रेडिटांवर तीन वर्षांची पदवी, किमान १६० वर चार वर्षांची ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स, त्यात १२ क्रेडिटांचा प्रबंध. यूजीसीच्या आराखड्यात कोर्सना क्रमांकही आहेत: १०० ते १९९ पायाभूत, २०० चे मधल्या पातळीवरचे, ३०० चे वरचे, ४०० चे प्रगत. ग्रुपवर सगळे भांडतात ते वर्षांच्या आकड्यावरून. २०० च्या कोर्सपेक्षा ३०० चा कोर्स मुलाकडून जास्त काय मागतो, हे एकाने विचारलं नाही. माझा राग त्याचा आहे.

आपल्या वेळी काय होतं ते आठवा. नगर जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात भूगोल स्पेशलला घेतला की टी.वाय.ला जी-३, एस-३, एस-४ असे तीन पेपर. 'स्पेशल' म्हणजे पेपर जास्त, एवढंच आम्हाला कळायचं. नोट्स तशाच, 'टिपा लिहा' तसंच, गाईड तेवढं जाड. एस.वाय.ला जे पाठ केलं त्याच पद्धतीने टी.वाय.ला पाठ केलं. मी कॉलेजात पहिली आले. नकाशावर शंका घ्यायची असते हे मात्र मला तेविसाव्या वर्षी, इथे एम.एस्सी.ला आल्यावर कळलं, आणि पहिल्याच निबंधात ४८ मिळाले.

मी इथे स्कॉटलंडमध्ये शिकवते, त्या आमच्या विभागात मार्चमध्ये एका कोर्सवर पाऊण तास वाद झाला. पूररेषांवरचा दुसऱ्या वर्षाचा कोर्स एका सहकाऱ्याला ऑनर्समध्ये न्यायचा होता. स्कॉटलंडच्या आराखड्यात पदवीचं पहिलं वर्ष सातव्या पातळीवर, चौथं म्हणजे ऑनर्सचं दहाव्या. त्याने वाचनाची यादी वाढवली होती आणि परीक्षेच्या जागी अहवाल ठेवला होता. दुसरी सहकारी फॉर्मवर बोट ठेवून म्हणाली, "इथे आपण मुलांना पुराचा नकाशा देतो आणि वाचायला सांगतो. ते दुसऱ्या वर्षाचं काम. दहाव्या पातळीवर तो नकाशा कुठे चुकतो ते त्यांनी आपल्याला सांगायला हवं." फॉर्म परत गेला. एप्रिलमध्ये तो आला तेव्हा त्यात नदीकाठच्या एका वस्तीचा नकाशा होता आणि त्याच वस्तीतल्या प्रत्यक्ष पुराच्या नोंदी. मुलांनी दोन्ही ताडून पाहायचे. क्रमांक बदलायचा तर असा बदलतो.

हे मी ग्रुपवरच्या त्या मित्राला फोनवर सांगितलं, बऱ्याच तावातावाने. तो आमच्याच कॉलेजात शिकवतो, बारा वर्षं, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. त्याने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. आता मला सांग, चौथ्या वर्षाचा प्रबंध कोण वाचणार? मला वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे पैसे मिळतात. वाचल्याचे नाही मिळत."

माझ्या वर्कलोडमध्ये प्रत्येक प्रबंधामागे तास धरलेले असतात. मार्गदर्शनाचे वेगळे, तपासण्याचे वेगळे. एकच प्रबंध दोघं जण स्वतंत्रपणे तपासतात, वर बाहेरचा परीक्षक असतो. आमच्या चौथ्या वर्षाच्या १२० क्रेडिटांपैकी ४० प्रबंधाला, तिकडे किमान ४० पैकी १२. कागदावर जवळपास सारखंच आहे. फरक त्या तासांचा आहे, आणि ते तास कुणीतरी पगारात मोजलेले असतात. संशोधनासह ऑनर्ससाठी विभागात पीएच.डी.चे मार्गदर्शक असलेले कायमचे प्राध्यापक हवेत. जिथे कायमची माणसंच नेमलेली नाहीत, तिथल्या मुलीने ७५ टक्के मिळवून करायचं काय? चौथ्या वर्षासाठी पुण्यात खोली घ्यायची. ती घ्यायला घरचे तयार होतील का, हे तालुक्याच्या गावात वाढलेल्या कुणालाही विचारायची गरज नाही.

मी ग्रुपवर आणखी एक गोष्ट लिहिली नव्हती. इथेही तीन वर्षांवर बाहेर पडता येतं, ३६० क्रेडिटांवर, त्याला ऑर्डिनरी डिग्री म्हणतात. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा ती घेऊन गेला. घरात आजारपण होतं, दुसऱ्या वर्षाचे गुण ऑनर्सला पुरले नव्हते. सही घ्यायला आला तेव्हा त्याने माझी माफी मागितली. मी त्याला सांगितलं की ही पूर्ण पदवी आहे, आणि ते खरंही आहे. पण आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. कुणाचं काही वाया जात नाही, असं मी लिहिलं तेव्हा तो मुलगा मला आठवत होता. तरी लिहिलं.

कारण त्या चौथ्या वर्षाची मला हाव आहे. इथल्या अर्जांत 'ऑनर्सचा वर्ग' असा रकाना असतो आणि त्यात मी इतकी वर्षं 'फर्स्ट क्लास' लिहून पुढे कंसात भारत लिहीत आले. टी.वाय.चा निकाल लागला त्या आठवड्यात माझ्यासाठी स्थळ आलं होतं. आईने "एम.ए. करायचंय तिला" म्हणून लांबवलं. तेव्हा चौथं वर्ष असतं तर आईला भांडावं लागलं नसतं. म्हणून कुणी 'वर्ष पाण्यात' म्हटलं की ते मला लागतं. आणि आम्हाला भूगोल शिकवणारे सर पदरच्या पैशाने एस.टी.ची तिकिटं काढून विहिरी मोजायला न्यायचे, ते मी इथे कधी कुणाला सांगत नाही, हेही मला लागतं. माझ्या आयुष्यातला दहाव्या पातळीचा पहिला तास त्या विहिरींच्या काठावर झाला होता. तो कुठल्याच गुणपत्रिकेवर नाही.

गेल्या रविवारी त्या मित्राने एक पीडीएफ पाठवली. त्याच्या विद्यार्थिनीचा फील्ड प्रोजेक्ट, १९ पानं, तिच्या गावातल्या १४ विहिरींचा. सोबत निरोप, "वेळ असेल तर." इथल्या सहा प्रबंधांचा गठ्ठा टेबलावर पडून होता. मी आधी तो प्रोजेक्ट वाचला. समासात मराठीत लिहायला लागले तेव्हा हात अडखळला. वीस वर्षांत मी कुणाचं काही मराठीत तपासलेलं नाही.

पान ११ वर मी लिहिलं: "तक्ता ३ मधल्या पाच विहिरी जानेवारीतच आटल्या, आणि पाचही ओढ्याच्या डाव्या अंगाला आहेत. तू हे मोजलंस, नकाशावर दाखवलंस, पण का, ते लिहिलं नाहीस. ओढ्याच्या त्या बाजूला बोअर किती आहेत, ते जाऊन मोज. आणि मला कळव."