रानडुकराला आवतण

आज सकाळी फाटकापासून रस्त्यापर्यंत जे पसरलं होतं, ते भरता भरता दोन घमेली झाली. शिळा मसालेभात, कोंबडीची हाडं, भेंडीचे देठ, डायपर, आणि कुरिअरच्या एका खोक्यावर चक्क नाव-पत्ता. वाचला. इथं लिहीत नाही. त्याऐवजी म्हटलं, आपल्या संभाजीनगरात बीड बायपासच्या अलीकडं-पलीकडं एवढी माणसं एवढ्या भक्तीनं रानातल्या जनावरांना जेवू घालायलीत, तर त्यांना जरा शास्त्र सांगावं. भाव आहे, पद्धत नाही. मग एखाद्या रात्री कळप उपाशी परत जातो, आणि मराठवाड्यात दारी आलेला पाहुणा उपाशी जाणं काही बरं दिसत नाही.

आधी वेळ. कचरा रात्रीच बाहेर काढा. जेवणं आटोपली, मालिका संपली, की बनियनवर खाली या, इकडंतिकडं बघा आणि पिशवी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर भिरकावा. रानडुक्कर अंधार पडल्यावर निघतं आणि उजाडायच्या आत परत फिरतं. घंटागाडी सातनंतर कधीतरी येते. म्हणजे रात्री साडेदहा ते पहाटे पाच, साडेसहा तास पान वाढलेलं. सकाळी गाडीचं गाणं ऐकून डबा खाली नेलात तर हे सगळे तास वाया. ऊसतोडीच्या दिवसांत तर बिलकूल चुकायचं नाही. दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की एकेक फड मोकळा होत जातो. त्यात पिलांसकट राहिलेल्या कळपाचा आडोसा गेला, की तो नाल्याच्या काठानं, वेड्या बाभळीतून सरकत वस्तीकडं येतो. नव्या जागी पहिल्याच रात्री मसालेभात मिळाल्यावर तो पुढं कशाला जाईल?

पिशवी पातळ हवी. राज्यात 2018 पासून तिच्यावर बंदी आहे, त्यामुळं मिळवायला फार कष्ट पडतात: भाजीवाल्याला “दादा, एक कॅरीबॅग द्या” असं म्हणावं लागतं. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगवेगळा ठेवा, असं 2016 च्या नियमांनीच सांगून ठेवलंय. तुम्ही एकात सगळं कोंबा, ब्लेडसुद्धा, आणि करकचून गाठ मारा. गाठ सुटत नाही म्हणून डुक्कर पिशवी फाडतं, आणि फाडल्यावर उरलेलं काम वारा करतो. गाय तर फाडतही बसत नाही. तिला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात. निवडून खाणं तिला जमत नाही, जिभेनं ओढते आणि अख्खी पिशवी गिळते. ते प्लास्टिक रवंथाला परत येत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात त्याचा गोळा होऊन बसतो, आणि मग डॉक्टरला डाव्या कुशीला चिरा देऊन तो हातानं बाहेर काढावा लागतो. वसुबारसेला ओवाळायची तीच गाय आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता डबा. मुळात डबा नसावाच. असला तर बिनझाकणाचा, हलका, फाटकाबाहेर जमिनीवर. प्लास्टिकची रिकामी बादली असते किलोभराच्या आत, आणि थोराड रानडुक्कर सहज 80-100 किलोचं. त्याला फक्त नाक लावायचं असतं.

काही कंजूष लोक मात्र जनावरांच्या तोंडचा घास काढून घेतात. ते काय करतात हे सविस्तर सांगून ठेवतो, म्हणजे तुमच्या हातून चुकूनही तसं व्हायचं नाही.

त्यांना एक गोष्ट कळलेली असते: डुक्कर नाकानं येतं, वानर डोळ्यानं येतं, आणि घूस दातानं आत शिरते. तिघांना एकच उपाय चालत नाही. म्हणून हे लोक गच्चीवर गंजत पडलेली धान्याची जुनी पत्र्याची कोठी खाली आणतात. छोटी, 50 किलोवाली. पोत्यानं ज्वारी भरणं बंद झाल्यापासून ती तशीही रिकामीच असते. पत्रा असल्यामुळं घुशीचा दात चालत नाही, आणि कडी-कोयंडा आधीपासून बसवलेला असतो. आतून-बाहेरून ऑईलपेंटचे दोन हात देतात, कारण कचऱ्याचं आंबट पाणी पत्रा पहिल्याच पावसाळ्यात खातं. तळाखाली दोन विटा, म्हणजे पावसाचं पाणी बुडाशी साचत नाही. कोठी फाटकाच्या आत, भिंतीला लागून, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर एक साखळी तिच्याभोवती घालून भिंतीतल्या फास्टनरला अडकवलेली. साखळी पार वरच्या बाजूला बांधली तर डुक्कर बूड सरकवतं आणि कोठी तिरकी होऊन झाकण उघडं पडतं. पार खाली बांधली तर वरून कलंडते. मध्येच हवी. आतमध्ये 20 लिटरची रंगाची रिकामी बादली ठेवतात, पेंटरकडं मागितली तर फुकट मिळते, आणि तिचं दाबून बसणारं झाकण वास धरून ठेवतं. सकाळी फक्त बादली उचलायची, कोठी जागची हलत नाही.

कडीत काडी खुपसून भागत नाही, हेही त्या लोकांना ठाऊक असतं. लालतोंडं माकड बोटांनी कडी सरकवतं, काडी काढून फेकतं. वानराचा, म्हणजे काळतोंड्याचा, अंगठा आखूड. त्याला असलं बारीक काम जमत नाही, पण ते दहा-पंधरा किलोचं धूड भिंतीवरून थेट झाकणावर उडी घेतं, आणि झाकण ढिलं असलं की आत पडतं. कुत्र्याच्या साखळीला असतो तसला स्प्रिंगचा हूक कोयंड्यात अडकवला की दोघांचंही काम थांबतं. हुकाची किंमत चहाच्या चार कपांइतकी. एवढ्यासाठी कोण हार्डवेअरच्या दुकानात जाईल? मोबाइलवर माकडाचा व्हिडिओ काढणं स्वस्त पडतं.

वास मारणं हा त्यांचा दुसरा दुष्टपणा. भाजीतलं, वरणातलं पाणी गाळून मगच खरकटं टाकायचं, ते वर्तमानपत्राच्या दोन पानांत गुंडाळायचं, वर मूठभर बंबाची राख किंवा कोरडी माती. बादलीच्या तळाला कागदाचा जाड थर. हाडं आणि मासळीचं खरकटं डबल कागदात बांधून गाडी यायच्या सकाळपर्यंत फ्रीजरमध्ये. वारकऱ्यांच्या घरात हा प्रश्न नाही, बाकीच्यांनी तो घरात भांडून सोडवावा. डबा रोज धुवा असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक जिथं नळाला रोज पाणी येतं तिथं लिहिलेलं असतं. आपल्याकडं आठवड्यातून एकदा टाकी भरते, आणि 2016 ला तर लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून कपड्यांचं शेवटचं पाणी ठेवून त्यानं आठवड्यातून दोनदा विसळायचा, उन्हात पालथा घालायचा. आपल्याकडं पाणी कमी असेल, ऊन कमी नाही.

ओला कचरा घरीच जिरवणारे तर त्याहून निर्दयी. 200 लिटरचा ड्रम, बाजूनं पाच-सहा मिलिमीटरची भोकं, त्याहून मोठी पाडली तर उंदीर आत. एक भाग ओलं, दोन भाग सुका पाला, आठवड्यातून एकदा खालीवर, दोनेक महिन्यांत खत. चपाती, भात, तेलकट काही घालायचं नाही, त्याच्या वासावर घूस येते. ड्रमऐवजी अंगणात खड्डा केला तर वर वेल्डमेशची जाळी आणि चार कोपऱ्यांना दगड, नाहीतर डुक्कर एका रात्रीत खड्ड्याची नांगरट करून ठेवतं.

लाल पाण्याची बाटली मात्र फाटकावर जरूर टांगा. कुत्र्याला लाल रंग नीट दिसत नसला तरी तुम्हाला दिसतो, समाधान वाटतं.

फिनाईल ओता. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओता.

सलूनमधले केस, जुन्या साड्या, वाघाची डरकाळी लावलेला स्पीकर: शेताच्या बांधावर चार रात्री चालतं, पाचव्या रात्री डुक्कर साडीवरच लोळतं.

शनिवारी मारुतीचा वार म्हणून वानरांना केळी घाला आणि रविवारी डबा सांडला म्हणून त्यांनाच दगड मारा. वानरांना तरी काय, धाराशिव जिल्ह्यातल्या उपळ्यात 32 एकर जमीन माकडांच्या नावावर निघाली, 2022 साली पेपरात आलं होतं. आपला गुंठेवारीचा प्लॉट अजून नियमित व्हायचाय. उद्या त्यांनीच आपल्याला अतिक्रमण म्हणून हाकललं तर कागद कोण दाखवणार? आणि हाताला केळी घ्यायची सवय लागलेलं वानर पिशवी बघितली की झडप घालतं, त्यात लहान पोराच्या हातातली पिशवी त्याला वेगळी कळत नाही. चावलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायची असते आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची असते. वाहतं पाणी कोणत्या वारी येतं ते मात्र आधी बघून ठेवा.

कचऱ्यात विष कालवू नका आणि तारेत करंट सोडू नका. हे सरळ सांगतोय. विषानं आधी शेजाऱ्याचं वासरू मरतं, डुक्कर नंतर; तारेला चिकटून माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि रानातलं जनावर मेलं तर 1972 चा वन्यजीव कायदा आहेच.

“पण गाडीच येत नाही ना!”

हे वाक्य ज्यांच्या ओठावर आलंय त्यांनी थांबावं. गाडी कधी कधी येत नाही, मान्य. सातला म्हणतात, साडेनऊला येते, सणाच्या दुसऱ्या दिवशी तर विचारूच नका. मग? गाडी आली नाही तर डबा परत आत न्यायचा असतो. पाणी गाळलेलं, कागदात गुंडाळलेलं, राख टाकलेलं खरकटं झाकणाखाली दोन दिवस वास न मारता राहतं. गाडी येते त्या दिवशी तरी तुम्ही खाली असता का? गाडीवरच्या बाया ओरडून ओरडून दमतात, गाणं तीनदा वाजतं, तुम्ही गॅलरीतून दात घासत बघता, आणि गाडी वळणावर गेली की पिशवी खाली. दुसऱ्या मजल्यावरून. ती फुटते. फुटणारच. 2018 च्या फेब्रुवारीत, शहराचा कचरा डेपो होता त्या नारेगावच्या लोकांनी आपल्या गाड्या अडवल्या, शहरभर कचऱ्याचे ढीग साचले, तेव्हा “काहून अडवलं या लोकांनी” म्हणून याच गॅलऱ्यांमधून चर्चा चालायच्या. त्या गावानं वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण अंगावर घेतली होती. तुम्हाला एका घराची, एका रात्रीची, स्वतःच्या फाटकाआड ठेवता येत नाही. आणि प्लॉट मोकळा आहे म्हणून? मोकळा म्हणजे मालक पुण्याला आहे. उकिरडा आहे असं त्याच्या सातबाऱ्यावर कुठंही लिहिलेलं नाही.

तो ढीग डुकरापाशी थांबत नाही. ढिगावर कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. त्याला कुत्र्याइतकी सोपी शिकार रानात मिळत नाही. डिसेंबर 2019 ला सिडको एन-वनसारख्या भर वस्तीत बिबट्या पकडावा लागला होता. आपण तर डोंगराच्या पायथ्याशी राहतो. उद्या इथं दिसला तर ग्रुपवर सगळ्यात आधी मेसेज तुमचाच असेल: वनविभाग काय झोपा काढायलाय का? वनविभागाचा क्रमांक 1926, तोही पाठ असेल. पिंजरा लावा म्हणाल. आमिष काय ठेवायचं ते विचारू नका, ते तुम्ही रोज रात्री साडेदहाला ठेवता.

डुकराला दोष देऊ नका. ते नाकासमोर आलेलं खातं. तुम्हाला चांगले धडधाकट हात आहेत, अठ्ठावीस पायऱ्या आहेत आणि खाली भिंतीला टेकून ठेवायला जागा आहे. लाज नाही, एवढंच कमी आहे.

उद्या गुरुवार. गाडी सव्वासात ते साडेनऊच्या मध्ये कधीतरी येईल, गाणं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून ऐकू येतं. ओलं एका डब्यात, सुकं दुसऱ्यात, डायपर कागदात गुंडाळून वेगळं. बनियनवर आलात तरी चालेल. आणि तुमच्या नावाचं ते खोकं फाटकाच्या आत विटेखाली ठेवलंय, येताना घेऊन जा.