आगाऊ फी नाही, एवढ्यावर भरवसा नको

‘आगाऊ फी मागत नाही तो कर्जसल्लागार विश्वासू’ हे कर्जसल्लागारांवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. लातूर-बीडकडं ‘सेटलमेंट करून देतो’ (बँकेशी तडजोड करून कर्ज कमी रकमेत मिटवतो) म्हणणारे कैक जण आधी छदामही घेत नाहीत. हप्ते थांबवा आणि तेच पैसे आमच्याकडं जमा करा, म्हणतात. घात होतो तो इथं. हप्ता ९० दिवसांवर थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, वर दंड. तडजोड झालीच तरी सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) ऐवजी ‘सेटल्ड’ (तडजोडीनं मिटवलं) लागतं आणि पुढं पीककर्जालाही बँक नाक मुरडते.

म्हणून विचारायचं ते हे: रक्कम आणि मुदत लिहिलेलं बँकेचं तडजोडपत्र पैसे भरण्याआधी हातात मिळेल का? भरणा थेट कर्जखात्यात होईल का? शेवटी नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा बँकेचा दाखला, कोण आणून देणार? सही केलेला कोरा चेक मागितला तर सरळ उठून यावं. वकील असेल तर सनद क्रमांक (वकिलीचा नोंदणी क्रमांक) विचारायला कसली लाज? आणि विनापरवाना सावकाराचं प्रकरण असेल तर मधे एजंट हवाच कशाला. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं करता येते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. लेखात याचा उल्लेखच नाही.